काळी चकती

शिवशंकर गेला त्या दिवशी निम्म्या केज गावाला रडताना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि त्यातले बरेचसे चष्मे त्यानंच केलेले होते.

अवघा सदतीस वर्षांचा माणूस. कड्याला ऊसतोडीवाल्यांचे डोळे तपासायचं शिबिर करून परत येताना मांजरसुंब्याला चहाला थांबला, अर्धा कप प्याला आणि तिथंच बाकड्यावर कलंडला. असल्या माणसाला बोलवायची वरच्याला एवढी काय घाई झालती, त्याचं त्यालाच ठाऊक!

गहिनीनाथचंही दुकान चष्म्याचंच, शिवशंकरच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं. दुसरा कुणी असता तर समोरच्याला पाण्यात पाहिलं असतं. यानं गहिनीनाथला हाताला धरून शिकवलं. नंबर कसा काढायचा, काच फ्रेमला कशी घासून बसवायची, सगळं. आपल्याकडं गर्दी झाली की ‘समोर जा, तोबी चांगला हाय’ म्हणून गिऱ्हाईक पाठवायचा. आता याला काय म्हणावं? आणि अशा माणसाशी गहिनीनाथ भांडला.

भांडणाचं कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. शिवशंकर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, ‘‘गहिन्या, ऋतुजाला घेऊन ये बे एकदा. पोरगी मान वाकडी करून बघती.’’ बस, एवढंच. पण गहिनीनाथच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या पोरीचे डोळे मला कळत न्हाईत व्हय? त्या रात्री त्यानं ऋतुजाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. सहा वर्षांची पोर, तिनं घडाघडा आकडे वाचले. झालं! तेव्हापासून त्यानं समोर बघणंच सोडलं. आठ दिवस अबोला चालला.

नवव्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. ‘शिवाभाऊ’ असं नाव आलं. गहिनीनाथनं फोन पालथा करून ठेवला. साडेचारला बातमी आली.

‘‘कावून उचलला न्हाई हो?’’ बायको, मोहिनी, एकदाच म्हणाली. पुन्हा तिनं विचारलं नाही, पण गहिनीनाथच्या डोक्यातून ते जाईना. काय सांगायचं होतं त्याला? छातीत कळ आली म्हणून हाक मारत होता? की शिव्या देणार होता? जेवताना, अंघोळ करताना त्याच्या मनात हेच.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी शिवशंकरची बायको वनमाला रस्ता ओलांडून आली. पदराखाली काचांची पेटी होती. लाल मखमलीच्या खाचांत दोनशेवर गोल भिंगं, डोळे तपासायची. सोबत चष्म्याची एक मोडकी काडी. ती काडी हातात धरून शिवशंकर तक्त्यावरचं अक्षर दाखवायचा, छडीबिडी त्यानं कधी घेतली नाही.

‘‘भावजी, तुमच्याकडंच शोभंल हे,’’ ती म्हणाली. गहिनीनाथला तिच्याकडं बघवलं नाही.

शिवशंकरची एक रीत होती. माणसाची चाल बघून, मोबाईल किती लांब धरतो ते बघून तो नंबर ओळखायचा. उद्या कोण येणार ते ठाऊक असलं की त्याची काच आदल्या संध्याकाळीच खाचेत उभी करून ठेवायचा. बाकीच्या काचा आडव्या, उद्याच्या माणसाची तेवढी उभी.

पेटी आल्याच्या दुसऱ्या दिवशी गहिनीनाथनं झाकण उघडलं तर अडीचचं भिंग उभं होतं. धक्का लागला असंल, म्हणून त्यानं ते आडवं केलं. दहा वाजता छबुबाई आली, पहिलं गिऱ्हाईक. चाळिशी करायची होती. नंबर निघाला अडीच.

योगायोग, दुसरं काय! पुढच्या दिवशी दोन काचा उभ्या. शेळ्या हिंडवणारा सटवा आला, त्याच्या दोन डोळ्यांचे दोन नंबर, अगदी त्याच दोन काचांचे. गहिनीनाथच्या मानेवर काटा आला. ‘‘शिवाभाऊनं बोलवलंतं मला ह्या आठवड्यात,’’ सटवा म्हणाला. ‘‘ते न्हाईत म्हणल्यावर तुमच्याकडं आलो.’’

त्या संध्याकाळी गहिनीनाथनं पेटीला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली, दुकानाचं शटरही खाली ओढलं. सकाळी कुलूप जसंच्या तसं, आणि आत एक काच उभी. तासाभरात तिचं माणूस दारात हजर.

‘‘पेटी परत देऊन या,’’ मोहिनी घाबरून म्हणाली. त्याला ते जमेना. झाकण उघडताना भीती तर वाटायची. पण शिवाभाऊ अजून आपल्याशी बोलतोय असंही वाटायचं, आणि ते त्याला सोडवत नव्हतं.

मग आला गुरुवार. झाकण उघडलं आणि गहिनीनाथचा हात तिथंच थांबला. चारचं भिंग उभं होतं, आणि त्याला टेकून काळी चकती.

या चकतीला काच नसते. नुसता काळा पत्रा, एक डोळा तपासताना दुसरा झाकायला. रोजच्या वापरातली वस्तू. पण ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. चकतीला कसला नंबर? ती कुणासाठी उभी राहणार? कुणाचा तरी डोळा जाणार, की कुणाचा तरी अंधारच व्हायचाय?

दिवसभर तो येणाऱ्या प्रत्येकाकडं टवकारून बघत होता. कुणाचा नंबर एक, कुणाचा दीड. चारचा कुणीच नाही. दुपारी रस्ता सामसूम झाला, तसं त्यानं घाबरत घाबरत स्वतःचा एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. दोन्ही ठीक. म्हणजे मी न्हाई. मग कोण, शिवाभाऊ? सांग की बाबा, कोण?

पाच वाजता शाळेची गाडी थांबली. ऋतुजा उतरली, दप्तर सावरत दुकानाच्या पायरीवर आली आणि समोरच्या बंद शटरवरची पाटी वाचायला उभी राहिली. मान वाकडी करून.

गहिनीनाथला दरदरून घाम फुटला. दिवसातून वीस वेळा तो लोकांना म्हणायचा, एक डोळा झाका. आपल्या पोरीला कॅलेंडर वाचायला लावलं तेव्हा मात्र तिचे दोन्ही डोळे उघडे होते. अरे गाढवा!

त्यानं तिला खुर्चीवर बसवलं. तपासायची फ्रेम लहानग्या नाकावर चढवली, उजव्या बाजूला काळी चकती सरकवली.

‘‘वाच, बाळा.’’

‘‘कुठं? तक्ताच न्हाई, बाबा.’’

‘‘मग काय दिसतंय?’’

‘‘समदं धुकं.’’ ती थांबली. ‘‘पण तिथं कुणीतरी उभं हाय. हात वर करून. हातात चष्म्याची काडी हाय.’’

गहिनीनाथनं वळून पाहिलं. भिंत होती, तक्ता होता. मोडकी काडी पेटीतच पडलेली होती. पण त्याला पळावंसं वाटलं नाही. तो तक्त्याकडं बघत म्हणाला, ‘‘आणली, शिवाभाऊ. पोरगी आणली.’’

मग त्यानं चारचं भिंग तिच्या डाव्या डोळ्यावर बसवलं.

‘‘आता?’’

‘‘वरचं मोठं अक्षर दिसतंय.’’

‘‘आणि ते उभे हायत ते?’’

‘‘आता कुणीच न्हाई,’’ ऋतुजा म्हणाली.

बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा आळशी पडलाय, मेंदूनं त्याचं ऐकणं सोडलंय. चष्मा लावायचा आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवायचा, म्हणजे आळशी डोळा कामाला लागंल. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर फार अवघड झालं असतं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. गहिनीनाथनं मान खाली घातली.

बीडहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पेटी उघडली. सगळ्या काचा आडव्या. चकती आपल्या जागी. त्यानं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. अकरा वाजेपर्यंत तो पेटी उघडी ठेवून बसला. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांचे नंबर त्याला स्वतःलाच काढावे लागले.

गिऱ्हाइकं गेल्यावर त्याला एकदाचं कळलं की शिवाभाऊ मेला. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आता तो काउंटरवर डोकं ठेवून लेकरासारखा रडला. मग फोन काढला, तो न उचललेला कॉल शोधला आणि त्यावर बोट दाबलं.

तिकडं फोन उचलला गेला. ‘‘बोला, भावजी,’’ वनमालाचा आवाज आला.

‘‘काय न्हाई, वैनी,’’ गहिनीनाथ म्हणाला. ‘‘भाऊचा फोन आलता. घ्यायचा राहिलता माझा.’’