हिकेवाड्याची थंडपेटी

थंड राहणं एवढंच जिचं काम, अशी पेटी आहे मी. पण बालमित्रांनो, दोन पावसाळे झाले, मी हिकेवाड्याच्या उपकेंद्राच्या पडवीत कोमट पडून आहे. माझ्या पोटात जुनी रजिस्टरं आहेत आणि झाकणावर पाण्याचा माठ.

माझा जन्म घुग्घुसचा. कोळशाच्या धुळीनं काळवंडलेल्या एका शेडमध्ये राजदीप नावाच्या कारागिरानं मला घडवलं. मी एकटी नव्हते. छपरावरच्या सौर पाट्या, बॅटरीची पेटी, वीज सांभाळणारी कंट्रोलची पेटी, दिव्याची पेटी आणि मी, असा आमचा पाच जणींचा संच होता. एक बिघडली तर तेवढीच काढून दुरुस्त करायची, म्हणजे सगळं सामान शहरात न्यायला नको. राजदीपनं आम्हाला मुद्दाम साधे स्क्रू लावले, सायकलच्या दुकानातल्या पेचकसानंही निघतील असे. जिथे मिस्त्री पोचत नाही तिथेच आम्हाला राहायचं होतं.

हिकेवाडा गडचिरोलीच्या जंगलात, नाल्यापलीकडे आहे. पावसाळ्यात नाला चढला की गाव आठ-आठ दिवस तुटतं. ट्रक अलीकडेच थांबला आणि बैलगाडीतून, पाण्यातून, आम्ही गावात आलो. आम्हाला कोणी सांभाळायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा ग्रामसभेनं नीलाबाईचं नाव घेतलं. ती पन्नाशीची होती. मोहफुलं वेचून आणि थोडी भातशेती करून जगणारी. तिला अक्षर येत नव्हतं. राजदीप तिच्याकडे बारा दिवस राहिला. बॅटरी म्हणजे काय हे त्यानं सांगताच ती म्हणाली, "तुंब्यात पाणी ठेवतो, तसं हिच्यात ऊन." मग तिनं खडूनं बॅटरीवर तुंबा काढला आणि कंट्रोलच्या पेटीवर, ती गुणगुणते म्हणून, मधमाशी. माझ्यावर तिनं मासा काढला, कारण मासा गारव्यात राहतो.

चार वर्षं आम्ही सुखात होतो. उपकेंद्राची नर्स नूतन, मूल नावाच्या गावाकडची, माझ्यात बाळांच्या लसी ठेवायची. बाळंतपणानंतर रक्त थांबवायचं इंजेक्शनही माझ्याच पोटात असायचं. ते गार राहिलं तरच गुणाचं. नीलाबाई रोज सकाळी येऊन पाट्या पुसायची. दोनदा फ्यूज उडाला, एकदा उंदरानं वायर कुरतडली. तिन्ही वेळा तिनं स्वतः पेटी उघडून दुरुस्त केली. बाहेरून पाहुणे आले, तिचे फोटो काढले. मला वाटायचं, आपलं आयुष्य असंच जाईल.

मग आमची देखभाल एका नव्या कंपनीकडे गेली. तिचा माणूस लोकेश आला. त्यानं मधमाशीवाली पेटी काढून नेली आणि तिच्या जागी काळी, चकचकीत पेटी बसवली. तिच्या सांध्यावर लाल सील होतं. सील तुटलं तर कंपनी जबाबदार नाही आणि नर्सला उत्तर द्यावं लागेल, असं त्यानं बजावलं. नूतनची सही घेतली. नीलाबाईला त्यानं हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.  पाट्या मात्र ती पुसत राहिली.

त्या पावसाळ्याच्या मध्यावर काळ्या पेटीचा दिवा लाल झाला आणि माझी मोटार थांबली. नूतन टेकडीवर चढून, जिथे नेटवर्क मिळतं तिथून, कंपनीला फोन करून आली. तिला तक्रारीचा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तोच नंबर मिळाला. तोवर नाला चढला होता, त्या वर्षी तो उतरायचं नावच घेत नव्हता, आणि लसी गार ठेवायचा बर्फाचा डबा तालुक्याहून येणं बंद झालं होतं. मी तासातासानं गरम होत गेले. ते मला कळत होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं.

नीलाबाई पेचकस घेऊन आली. पेटीला कान लावून ती म्हणाली, "आत मुंग्या शिरल्या. मले खोलू दे, सिस्टरबाई."

नूतन रडवेली झाली. तिची नोकरी कंत्राटी होती आणि मूलला म्हातारी आई तिच्यावरच होती. "नको, नीलाबाई. सील तुटलं तं माही नोकरी जाईन."

नीलाबाई पेचकस कमरेला खोचून परत गेली. तिनं सिस्टरचं ऐकलं. ती कोणाच्या पोटावर पाय देणारी नव्हती.

मोटार थांबल्याच्या सतराव्या दिवशी सकाळी दीपिकाला उपकेंद्रात आणलं. दीपिका नीलाबाईची एकुलती लेक, पहिलंच बाळंतपण. मुलगी झाली, चांगली रडली. पण दीपिकाचं रक्त थांबेना. नूतननं माझं झाकण उघडून इंजेक्शन काढलं. बाटली हाताला कोमट लागली तेव्हा ती क्षणभर थबकली. दुसरं नव्हतं, तेच दिलं. मग आणखी एक दिलं. पोट चोळलं, कापड दाबून धरलं, येत होतं तेवढं सगळं तिनं केलं. शेवटी चौघांनी दीपिकाला खाटेवर घालून नाल्याकडे नेलं. पाणी छातीच्या वर होतं. उतार पडायची वाट बघत ते काठावर बसले, आणि दुपारच्या आधीच दीपिका गेली.

इंजेक्शन गार असतं तर ती वाचली असती का, हे पुढे आलेल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. नीलाबाईनं त्यांना तेवढं एकच विचारलं होतं.

दीपिका गेल्यावर तिसऱ्या दिवशी नीलाबाई आली. कोणाला न विचारता तिनं लाल सील कापलं. आत मुंग्यांचं वारूळ होतं आणि एक जळलेला फ्यूज. तिनं मुंग्या झाडल्या, फ्यूज बदलला. माझी मोटार सुरू झाली. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागला असेल. नीलाबाई माझ्या झाकणावर हात ठेवून बसली. मी गार होत गेले, तशी ती रडायला लागली. मित्रांनो, त्या दिवशी मला गार व्हायची लाज वाटली.

नाला उतरल्यावर लोकेश आला. सील तुटलेलं पाहून त्यानं तसं लिहून घेतलं आणि काळी पेटी काढून नेली. तिच्या जागी दुसरी आली नाही. नूतनला नोटीस मिळाली. ती मूलला परत गेली.

दीपिकाची मुलगी आता दोन वर्षांची आहे. लस देणारे लोक महिन्यातून एकदा बर्फाचा डबा घेऊन येतात. पोरीला आत तिचा बाप आणतो. नीलाबाई बाहेर फणसाखाली उभी राहते. पायरी चढत नाही. माझ्याकडे एकदाही पाहत नाही, आणि तिनं पाहावं असं म्हणायला मला तोंड नाही.

तुम्ही मोठे व्हाल, आमच्यासारख्या वस्तू घडवाल, दूरच्या गावांना पाठवाल. आम्हाला पुसून-झाकून ठेवा, एवढं सांगून मी थांबले असते. पण मला सांभाळणारे हात होते, मित्रांनो. ते बांधून ठेवले गेले. तसं पुन्हा कोणाला करू नका.