सोमवारच्या पुड्या

सोमवारी भरलेली शेंगाचटणीची पुडी पुरती पाव किलो भरे. मंगळवार ते शनिवार भरलेली पुडी त्याच काट्यावर, तोच आकडा पाहून भरलेली असे; ती दहा-बारा ग्रॅम कमी भरे.

पहिली तक्रार पुण्याच्या एका दुकानदाराने केली. त्याचाच काटा बिघडला असेल, असे म्हणून, घरच्या चटणीची पार्सले दुकानांना पाठवणाऱ्या सुबोधने तो विषय सोडून दिला. पुढच्या आठवड्यात लातूरच्या दुकानदारानेही तेच कळवले. तेव्हा सोमवारी सकाळी पार्सले बांधण्याआधी त्याने गेल्या आठवड्याच्या सगळ्या पुड्या घरच्याच काट्यावर एकेक करून ठेवल्या. दुकानदार खरे बोलत होते. गेल्या सोमवारच्या पुड्या तेवढ्या बरोबर होत्या, बाकी झाडून सगळ्या कमी.

सोमवारच्या पुड्या त्याची आई अनसूयाबाई स्वतः भरत. बाकीचे दिवस ते काम मल्लव्वाकडे होते. मल्लव्वा अक्कलकोट तालुक्यातली. शनिवारी संध्याकाळी गावी जाई आणि सोमवारी रात्रीच्या एसटीने परत येई. ती शिवरात्रीनंतर कामाला लागली होती. त्याआधी, म्हणजे सगळा हिवाळा, अनसूयाबाई एकट्याच भरत होत्या आणि एकही तक्रार नव्हती. सुबोध टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. कमी भरलेल्या मालामागे कोणाचा तरी हात असतो, हे त्याला तिथल्या अनुभवाने पटलेले होते. वजन झाल्यावर आणि तोंड चिकटवण्याआधी पुडीतून एक चमचा काढून घेणे काही अवघड नव्हते. एक तारखेपासून मल्लव्वाला येऊ नको म्हणून सांगायचे, असे त्याने जेवताना जाहीर केले.

त्याची बायको राजेश्वरी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. तिने ताटातला घास संपवला आणि मग विचारले की, मल्लव्वाला चटणी काढताना कोणी पाहिले आहे का. कोणी पाहिले नव्हते. सोमवार आणि बाकीचे वार यांत भरणारी व्यक्ती सोडून दुसरे काही बदलत नाही, याची खात्री कोणी केली आहे का. तीही कोणी केली नव्हती.

अनसूयाबाईंचे उत्तर तयार होते. सोमवार सिद्धेश्वराचा वार. त्या दिवशी त्या पुढच्या खोलीत सिद्धेश्वराच्या तसबिरीपुढे समई लावत आणि ती दिवस मावळेपर्यंत तेवत ठेवत.

"देवाच्या वाराला बरकत असतीया. मल्लव्वा बिचारी काय करंल त्याला?"

"आत्या, बरकत म्हणजे जास्त भरायला हवं. सोमवारी जास्त नाही भरत, बरोबर भरतं," राजेश्वरी सासूला म्हणाली.

"बरोबर भरतंय हीच बरकत म्हण की. बाकीच्या वारी तेवढंबी न्हाय."

सासूबाईंचे म्हणणे तर्काला धरून होते. ते राजेश्वरीने मनातल्या मनात मान्य केले.

तिला हा प्रश्न आणखी एका कारणाने आपला वाटत होता. पुड्या भरण्याची व्यवस्था तिनेच बसवली होती. पूर्वी भरताना निम्मी चटणी टेबलावर सांडे आणि मुंग्यांची सोय होई. दिवाळीच्या सुट्टीत तिने हा प्रकल्प हाती घेतला. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. तो तेलाने दोन दिवसांत मऊ पडला. मग प्लायवूडचा केला. तो जड झाला. शेवटी पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, परातीएवढा रुंद थाळा कापून घेतला. त्याच्या मधोमध पाइपचा तुकडा उभा बसवला, म्हणजे पुडी त्यात तोंड उघडे ठेवून उभी राही आणि सांडलेली चटणी थाळ्यातच पडे. हा थाळा काट्यावर कायमचा बसवलेला असे. त्याच्या कडेला तिने पाकळ्यांसारखे उठाव दिले होते, म्हणून घरात त्याला सूर्यफूल म्हणत. सगळा हिवाळा सूर्यफुलाने चोख काम केले, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचे कोणाला, खुद्द तिलाही, कारण नव्हते.

तिने सुबोधकडून एक तारखेपर्यंतची मुदत मागून घेतली. बारावीच्या परीक्षा आटोपल्या होत्या, तिला वेळ होता. योजना साधी होती: माणूस आणि वार एकमेकांना चिकटलेले आहेत, ते सोडवायचे. म्हणून मल्लव्वाला एका सोमवारी बोलवायचे.

मल्लव्वाला हे सांगण्याचे काम तिनेच पत्करले. कारण विचारल्यावर ती म्हणाली की, माल जास्त आहे. मल्लव्वाने पदर खोचला, हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि तिच्याकडे पाहिले.

"माल जास्ती न्हाय म्याडम. शनिवारचं शेंगदाणं अजून भाजायचं पडल्यात. माझ्यावर काय तरी आलंय."

राजेश्वरीला खोटे बोलण्याचा सराव नव्हता. तिने जे होते ते सांगितले.

मल्लव्वाने पातेल्यावर झाकण ठेवले. मग म्हणाली, "मला तर शेंगाचं पित्त हुतंय. चमचा चाटलं तरी रात्रभर छातीत जळतंय. तुमच्या सासूला, अक्काला ठावं हाय." आणि पुढे, हळू आवाजात, "तुमी काढलं तर काढा. पर चोरी म्हणून काढलं तर या गल्लीत मला कोण घरात घेनार, ते सांगा."

शेंगाचे पित्त हा पुरावा होऊ शकत नाही, कारण चटणी विकताही येते. हे राजेश्वरीला कळत होते. पण त्या दुसऱ्या वाक्याचे उत्तर देणे आता तिच्यावर होते.

मल्लव्वा गावाला गेली नाही आणि सोमवारी आली. तिने अनसूयाबाईंच्या डोळ्यांदेखत समईसमोर बसून दिवसभर पुड्या भरल्या. संध्याकाळी त्या तिथेच तपासल्या. प्रत्येक पुडी बरोबर भरली.

"आपल्यावर लक्ष आहे हे तिला माहीत होतं," सुबोध म्हणाला.

हा आक्षेप रास्त होता, आणि राजेश्वरीने तो तसाच घेतला. नवऱ्याचे म्हणणे शास्त्रीय असण्याचे प्रसंग फार येत नसत. मंगळवारी तिने मल्लव्वाला शेंगा भाजायला मागच्या पडवीत बसवले आणि पुढच्या खोलीत स्वतः भरायला बसली. आठवडाभर पुडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही.

काम कंटाळवाणे होते, पण वाईट नव्हते. सकाळी अनसूयाबाई काट्याला हळदकुंकू लावत, निरांजन ओवाळत आणि काटा सुरू करून शून्यावर आणत. हा मान त्या कोणाला देत नसत. मग त्या निरांजन आत देवघरात नेत, जाताना पंख्याचे बटण दाबत आणि दिवस सुरू होई. पलीकडच्या शेडमधून यंत्रमागांचा खडखडाट येत राही. लसणाचा आणि तिखटाचा वास कपड्यांत मुरे. रिकामी पुडी उभी केली की काट्यावर पंधराच्या आसपास आकडा थरथरत उभा राही. ते पुडीचे वजन. मग डावाने चटणी घालायची, ठरलेला आकडा आला की थांबायचे. दुपारी मल्लव्वा चहा घेऊन येई आणि पुड्यांच्या रांगेकडे पाहून म्हणे, "हात बसला की तुमचा. कालिजात हेच शिकवा." तिने रुसवा धरला नव्हता, पण ती काट्याजवळ मात्र येत नसे, चहा दारातूनच देई.

सोमवारी सकाळी समई लागली. सुबोधने बायकोने भरलेल्या पुड्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. सगळ्या कमी होत्या. मल्लव्वाच्या होत्या तेवढ्याच.

"एक तारखेपासून मीही येऊ नको का?" राजेश्वरीने विचारले.

सुबोध पार्सलाची दोरी गुंडाळू लागला. हरल्यावर तो नेहमी काहीतरी गुंडाळत असे. मल्लव्वाचे नाव त्या क्षणी संशयितांच्या यादीतून गेले, आणि हे त्याने तिला जाऊन सांगावे, असे राजेश्वरीने त्याला सांगितले. तो गाडी काढून तिच्या गावी गेला. पुड्या मात्र अजून कमीच होत्या, आणि कमी भरत राहिल्या तर दुकानदार माल घेणे बंद करणार होते. मग मल्लव्वा निर्दोष असूनही तिला काम उरले नसते.

अनसूयाबाई जिंकल्यासारख्या दिसत होत्या. माणूस बदलला, वार तोच राहिला, गुण वाराचाच निघाला. त्यांच्या युक्तिवादात खोट नव्हती, एवढेच वाईट होते.

राजेश्वरी काट्यासमोर बसली. एप्रिलचे ऊन पत्र्यावर चढले होते आणि तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. तिने रिकामी पुडी पाइपात उभी केली. आकडा चारवर आला आणि तिथे स्थिर राहिला. तिने पुडी काढली, दुसरी ठेवली. चारच. आठवडाभर याच गठ्ठ्यातल्या पुड्या पंधरा दाखवत होत्या. पुडीला वाराप्रमाणे वजन बदलायचे कारण नव्हते.

पंधरा आणि चार यांतला फरक तिने केला. दुकानदार जेवढे कमी म्हणत होते, तेवढाच तो होता.

"आत्या, फार उकडतंय. पंखा लावू?"

"आज कसा लावतीस? ज्योत विझंल की."

राजेश्वरीने समईकडे पाहिले. ज्योत सरळ उभी होती. काट्यावरचा आकडाही तसाच उभा होता. आठवडाभर तो थरथरत होता. मग तिने मान वर केली आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिली.

"आत्या, समई पाच मिनिटं आत नेऊ द्याल?"

अनसूयाबाईंनी तिच्याकडे असे पाहिले की जणू तिने सिद्धेश्वरालाच बाजूला सरकायला सांगितले होते. पण सून आठवडाभर त्यांच्या चटणीत बसली होती, हेही त्यांनी पाहिले होते. "तू हात लावू नको. मीच नेते," म्हणाल्या, आणि तळहाताचा आडोसा करून समई स्वतः आत घेऊन गेल्या.

राजेश्वरीने पुडी काढून घेतली. सूर्यफूल रिकामे होते, काटा शून्यावर होता. तिने पंख्याचे बटण दाबले. पाती फिरू लागली, वेग आला आणि काट्यावर एक, तीन, सात असे आकडे चढत जाऊन अकरा-बाराच्या आसपास थरथरत राहिले. काट्यावर काहीही ठेवलेले नव्हते. तिने बटण बंद केले. पंखा मंदावला तसा आकडा खाली येत येत शून्यावर पोहोचला. तिने हे पुन्हा केले, मग पुन्हा. चौथ्यांदा केले ते केवळ आनंदासाठी.

आतून परतलेल्या अनसूयाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "म्हंजे इतके दिवस आपण वारं विकत हुतो व्हय?" त्या म्हणाल्या.

"हो. पाव किलोच्या भावाने."

दुपारी सुबोध मल्लव्वाला गावाहून गाडीवर मागे बसवूनच घेऊन आला. त्याने तिची माफी मागितली होती. ती कशी, हे दोघांपैकी कोणी सांगितले नाही. मल्लव्वाने पंखा आणि काट्याचा खेळ दोनदा करायला लावला, मग स्वतःच्या हाताने बटण दाबून तिसऱ्यांदा पाहिला. "अय्यो," ती म्हणाली, "मी एवढं नवस बोलले, आन् चोर तर डोक्यावर फिरत हुता." मग ती काट्याजवळ जाऊन तिच्या नेहमीच्या जागी बसली आणि पहिली पुडी उभी केली.

संध्याकाळपर्यंत राजेश्वरीने पुठ्ठ्याचा एक आडोसा कापून टेबलाभोवती उभा केला. सूर्यफुलाचा नवा, अरुंद नमुना काढायला कागद घेतला. कमी गेलेल्या मालाबद्दल प्रत्येक दुकानदाराला पुढच्या खेपेला जास्तीच्या पुड्या द्यायच्या ठरल्या. अनसूयाबाईंनी समई पुन्हा तसबिरीपुढे आणून ठेवली. ती विझली नव्हती. सोमवार नसता तर हे कधी कळलेच नसते, असे त्यांचे मत पडले. राजेश्वरीने ते खोडले नाही, कारण ते खरे होते.

कारण असे होते: अनसूयाबाई काटा शून्यावर आणत त्या वेळी निरांजनासाठी पंखा बंद असे. नंतर पंखा लागला की त्याचा वारा राजेश्वरीच्या रुंद थाळ्याला खाली दाबी आणि काटा तो दाबही वजनात धरी, म्हणून चटणी तेवढी कमी पडे. हिवाळ्यात पंखा लागतच नव्हता, आणि उन्हाळ्यात सोमवारी समईसाठी तो दिवसभर बंद राही; पुड्या तपासल्या गेल्या तेही सोमवारीच, म्हणून घरच्या काट्यावरही खरे वजन दिसले.