ट्रेलरमधली खोबण

ओमेर लोहारानं ट्रेलरमध्ये बसवलेली सायकलींची अडकण इतकी पक्की, की एकदा म्हणे ट्रेलर चाकं वर करून खड्ड्यात पडला, तरी आतल्या सायकली वटवाघळांसारख्या लटकून होत्या आणि एकीचीही घंटी वाजली नाही. हे सांगणारा ओमेरच, त्यामुळे किती मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

कृती साधी होती. वासरं न्यायच्या जुन्या ट्रेलरमध्ये ओकची जाड फळी आडवी ठोकलेली, तिच्यावर भंगारातल्या चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे. सायकलीचं पुढचं चाक काढायचं, चाक धरणारा मोकळा चिमटा हबवर बसवायचा, नट आवळून खिट्टी दाबायची. डोंगराशी पोचलं की ज्यानं त्यानं आपलं चाक परत चढवायचं. दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही, हा फ्लँडर्समधल्या या म्हाताऱ्यांच्या सायकल क्लबचा कायदा. ज्याला चाक चढवता येईना, त्यानं घरी बसून सुनेच्या हातचं सूप प्यावं.

त्या वसंतात ओमेरला आशिलचे हात दिसले. बिअरचा ग्लास ओठांशी पोचेपर्यंत अर्धी बिअर टेबलावर. आशिल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. ओमेरनं ट्रेलरच्या तळाला एक लांब खोबण केली, चाकासकट सायकल उभी राहील अशी, वर चामडी पट्टा.

रविवारी सकाळी आशिल ती बघून थबकला.

"हे काय? पाळणा?"

"हब संपले रे."

"भंगाराचा राजा तू, आणि तुझे हब संपले? तेही नेमके माझ्याच वेळेला?"

मागून क्लबातला सिरिल खिदळला, "आशिल, झोका कोण देणार, गोडेलीव्ह का?"

बायकोचं नाव निघताच आशिलची मान लाल झाली. त्यानं तिथंच आपलं चाक काढलं आणि चिमटा ओमेरच्या हबवर चढवला. "तुझी घाल पाळण्यात."

आर्देनच्या डोंगरात चढाखाली सगळे उतरले. आशिल सगळ्यांकडे पाठ करून कितीतरी वेळ चाकाशी झटत होता. ओमेरनं बाजूनं पाहिलं. खिट्टी मिटली होती, पण एका बोटानं, कागद दुमडावा तशी. नट आवळलाच नव्हता. नीट दाबलेली खिट्टी तळव्यावर वळ उठवते.

"आशिल, तो नट जरा..."

"हात मागे घे, लोहारा." मग अगदी हळू, "ह्यांच्यासमोर नको रे."

ओमेरनं हात खिशात घातला.

चढ आशिल चढला, तोही सिरिलला मागे टाकून, शिव्या देत. माथ्यावर न थांबता तो उताराला लागला. ओमेर जीव तोडून त्याच्या मागे. तिसऱ्या वळणावर आशिलचं पुढचं चाक सुटलं आणि त्याच्याआधी निघालं, एकटंच, जणू त्याला घाई होती.

ओमेर पोचला तेव्हा आशिल रस्त्याकडेला पडला होता. मान नको तिकडे वळलेली.

"चाक... नीट होतं ना?" आशिल पुटपुटला.

"चोख होतं. खड्डा आला."

रस्ता नुकताच डांबर घातलेला, आरशासारखा. आशिलनं डोळे मिटले ते उघडले नाहीत.

वरच्या वळणावर मागून येणाऱ्यांचे ब्रेक किंचाळले. ओमेरनं कुंपणात अडकलेलं चाक ओढून काढलं, वाकडं झालं होतं तरी गुडघा लावून आशिलच्या सायकलीच्या चिमट्यात बसवलं, नट फिरवला आणि दोन्ही हातांनी खिट्टी दाबली. तळव्यातून रक्त आलं तरी दाबत राहिला.

सिरिल धापा टाकत आला. "काय झालं?"

ओमेरनं हात पँटला पुसला.

"खड्डा," तो म्हणाला.