नाकाची सही

"टाकून द्या ते, म्बाह. काळं पडलंय."

विनार्तीने तेंपेची टोपली कचऱ्याच्या डब्याकडे सरकवली. आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या वड्या केळीच्या पानांत बांधलेल्या होत्या. एक पुडी उघडी होती आणि तिच्यातल्या वडीवर दोन काळे डाग होते. केदिरी शहरातल्या या शाळेच्या स्वयंपाकघरात तुमिराहची एकतीस वर्षं गेली होती. सगळे तिला म्बाह, म्हणजे आजी, म्हणत. तिने वडी नाकाशी धरली.

"अगं पोरी, ही बुरशी तेंपेचीच आहे. आणखी दोन दिवसांनी वास मारेल, तेव्हा तर खरी चव. तुझी आजी साम्बल तुंपांगचं तिखट कालवण काय ताज्या तेंपेचं करायची?"

विनार्तीला हसू आलं. "नाही हो. पण नियमांच्या तक्त्यात आहे ना, डाग दिसल्यास टाकावे. मी काय करू?"

ती महिन्यापूर्वीच देखरेखीला आली होती. कामसू, मोठ्यांचा मान राखणारी. तिच्यावर रागावता येत नसे, हीच पंचाईत.

टोपली डब्यात रिकामी झाली. मग शीतपेटीतून कोंबडीच्या पिशव्या निघाल्या आणि तुमिराहचा हात थबकला. प्रत्येक पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात लालसर पाण्याचा खडा जमला होता.

"ही वितळून परत गोठलीय. रविवारी वीज गेली असणार."

"पेटीवर उणे अठरा दिसतंय, म्बाह. तारीखही पुढच्या महिन्याची."

"आत्ता उणे अठरा. रविवारी किती होतं, ते विचार त्या पेटीला."

तुमिराहने एक पिशवी पाण्यात सैल करून फोडली आणि विनार्तीपुढे धरली. विनार्तीचं नाक आक्रसलं. मग तिने मान वळवून भिंतीवरचा तक्ता पाहिला.

"कच्च्या मांसाला येतोच थोडा वास."

"मी तुझ्या नाकाला विचारतेय."

"नाकाची सही चालत नाही, म्बाह! माल नाकारला तर कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

बाहेर दोनशे पोरांचा गलका चालला होता. त्यांतल्या कितीतरी जणांच्या आया लहानपणी याच खिडकीपाशी ताटं घेऊन उभ्या राहिलेल्या तुमिराहला आठवत होत्या. तिने सगळ्या पिशव्या पातेल्यात रिकाम्या केल्या, वरून भांड्यांचा साबण ओतला आणि हाताने ढवळला.

"म्बाह!"

"आता आहे कारण. लिही, म्हातारीनं नासवली."

त्या दिवशी पोरांनी भाताबरोबर अंडी खाल्ली. कुणाचं पोट दुखलं नाही, म्हणून काही सिद्धही झालं नाही. दुपारी वरून निरोप आला: म्हाताऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही, उद्यापासून कामावर घेऊ नये.

तुमिराहने एप्रन घडी करून खुंटीखाली ठेवला. कचऱ्याच्या डब्यातल्या तेंपेच्या बांधलेल्या पुड्या उचलून, पुसून पिशवीत भरल्या. दारात विनार्ती उभी होती, डोळे लाल.

"मी खरं तेच लिहिलं, म्बाह."

"ठाऊक आहे मला." तुमिराहने तिच्या हातात एक पुडी ठेवली. "घरी ने. मुरू दे, मग आजीसारखं कर."

"पण मुरलंय ते कळणार कसं?"

"कळेल गं."

तुमिराह फाटकाकडे निघाली. विनार्तीने पुडी उलटी केली, सुलटी केली. केळीच्या पानावर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.