नैर्ऋत्येचा दगड

"बाळासो, अजून एक बी रेघ न्हाय? चारला शिट्टी हाय गड्या! फायनल हाय, फायनल!" स्पर्धेचे चिटणीस हंबीरराव स्कूटर बंद न करताच ओरडले.

"मारतो की. तुमी जावा निवांत," बाळासो म्हणाले; आणि स्कूटर फाटकाबाहेर जाताच रेघा आखायच्या फक्कीच्या पोत्यावर मटकन बसले.

अठ्ठावीस वर्षे या फुटबॉल मैदानाच्या सीमारेषा त्यांच्याच हातून उमटत आल्या होत्या. पांढऱ्या फक्कीची ती रेघ इतकी सरळ येई की पंचांनी तिच्याकडे कधी दोनदा पाहिले नव्हते. पद्धत मात्र एकच. मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात एक काळा दगड अर्धा पुरलेला होता. मोसमाच्या आरंभी त्याला हळदकुंकू वाहायचे, नारळ वाढवायचा; आणि दर सामन्याला दोरीचे एक टोक त्याला बांधून दुसरे भिंतीवरच्या खुणेशी ताणायचे, आणि मग रेघ ओढीत निघायचे. हा दगड त्यांचे गुरू लालासाब चाचा यांनी स्वहस्ते पुरलेला. बाळासोंच्या लेखी तो निव्वळ दगड नव्हता. ते गुरूचे ठाणे होते.

गेल्या आठवड्यात बाळासो पुतणीच्या लग्नासाठी मलकापूरला गेले असता कोपऱ्यातून गटार खणले गेले, आणि मातीबरोबर दगडही कुठल्याशा डंपरात चढून गेला. वर रोलर फिरून मैदानावरच्या जुन्या रेघाही पुसल्या गेल्या. परतल्यावर तीन दिवस त्यांनी मातीचे ढीग उपसले. अन्न गोड लागेना. काल अदमासाने एक रेघ मारून पाहिली, तर ती शेवटाला चांगली चार हात कलली. ती त्यांनी झाडूने पुसून टाकली. आज सामना वाकड्या मैदानावर झाला, तर सारी शिवाजी पेठ विचारील, लालासाबच्या हाताखालचा माणूस हाच का?

तेवढ्यात भाकरीचे फडके घेऊन बायडाबाई आल्या. नवऱ्याची मुद्रा पाहून त्यांनी फडके सोडलेच नाही.

"अवो, चाचास्नी इचारा की."

"कुठल्या तोंडानं इचारू? त्येंचा दगड घालवून बसलोय मी."

"हाय त्येच तोंडानं. दुसरं आणायचं कुठनं? उठा!"

दोघे निघाले. लालासाब चाचांचे घर पेठेतल्या एका बोळात होते. वय त्र्याऐंशी, दृष्टी जवळजवळ मावळलेली, पण कान तल्लख. खाटेवर बसल्या बसल्या पावलांवरूनच त्यांनी ओळखले. "बाळ्या न्हवं? आज मॅच असताना हितं काय करतूयास?"

बाळासोंनी त्यांचे पाय धरले. "चाचा, माझ्याकडनं चूक झाली. दगड गेला."

"कुठला दगड?"

"कोपऱ्यातला. तुमी पुरलेला."

चाचांचे खांदे गदगदू लागले. ते रडत आहेत असे वाटून बाळासोंचा जीव अर्धा झाला. पण म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होता.

"आरं, त्यो पाट्याचा तुकडा व्हय!"

आतल्या खोलीत तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला. रोशनबी चाची दारात उभ्या राहिल्या. "कुठला पाटा?"

चाचांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"माझ्या अम्मीनं दिलेला पाटा? मला म्हणालासा, चोरीला गेला म्हणून!"

"फुटला गं हातनं. तुला सांगायची छाती कुणाची? अर्धा तुकडा नेऊन तिथं पुरला, झालं."

"आणि ह्यो त्येच्याम्होरं नारळ फोडतूय?"

"दर साली, चाची," बायडाबाई म्हणाल्या. "हळदकुंकू बी!"

"हळदीची सवयच हाय त्येला," रोशनबी म्हणाल्या, "मसाल्याचा पाटा हाय त्यो!" आणि दोघी एकमेकींना धरून हसू लागल्या.

बाळासो तेवढे हसले नाहीत. "पर चाचा, सुरुवात तिथनंच करायची न्हवं?"

"कुणी सांगितलं? माझं गुडघं दुखाय लागलं, म्हणून कोपरा बरा पडायचा, चालणं कमी. त्येच्या आधी मी मधनं काढायचो. एक साल चिखल हुता, तर वरच्या अंगानं काढलं. मैदान कुठनं बी आखता येतंय, लेका. शेवटाला चौकोन जुळला म्हंजे झालं. गोलचे खांब जाग्यावर हायत?"

"हायत की."

"मग रडतूयास कशाला?"

दोन्ही गोलांचे खांब तीन दिवस बाळासोंच्या डोळ्यांसमोर उभे होते, आणि ते मात्र मातीत पाहत होते. चाचांनी बोटांवर मोजून समजावले: खांबांचा मध्य काढ, मध्याला मध्य जोड, तो मैदानाचा कणा. मग दोरीला गाठी मार, तीन हात, चार हात, पाच हात. त्रिकोण ताणलास की काटकोन आपसूक उभा राहतो. यज्ञवेदी आखणारे पूर्वजही अशीच दोरी ताणीत. लालासाब चाचांना ते ठाऊक नव्हते. त्यांना ही युक्ती एका गवंड्याने शिकवली होती. विद्येला कोणाच्याही उंबऱ्यातून येण्याचा संकोच नसतो.

"मला बी न्या रं," चाचा म्हणाले. "दिसत न्हाय, पर आवाज तर येतोय."

मैदानावर बायडाबाईंनी दोरीचे टोक धरले. मधूनच वारा पश्चिमेकडून सुटला. एरवी बाळासो ठरलेल्या दिशेनेच चालत, आणि निम्मी फक्की स्वतःच्या अंगावर घेत. आज ते थबकले, वाऱ्याकडे पाठ केली आणि उलट्या बाजूने निघाले.

"पिठाच्या गिरणीतनं आल्यागत दिसत न्हाईसा आज," बायडाबाई म्हणाल्या.

"दोरी ताणून धर, बायडे. त्वांड नगं चालवूस," बाळासो म्हणाले, पण तीन दिवसांत प्रथमच त्यांना हसू फुटले होते.

तीनला चौकोन जुळला. कोपऱ्याला कोपरा असा मिळाला की बाळासो स्वतःच दोनदा फिरून मापून आले. हंबीररावांनी स्कूटरवरूनच नजर टाकली, "झालं न्हवं?" एवढेच म्हणाले आणि निघून गेले. त्यांना वेगळे काहीच दिसले नाही.

चारला गर्दीचा गजर उसळला. रेघेशेजारी खुर्ची टाकून चाचांना बसवले होते.

"पोरं आली?"

"आली, चाचा."

आत शिरण्यापूर्वी एकेक खेळाडू रेघेपाशी वाकला, बोटे टेकवून कपाळाला लावली आणि धावत गेला. कपाळाकपाळावर फक्कीचा पांढरा ठिपका उमटला.

"वाकली का रं?"

"वाकली."

"दोन्हीकडची?"

"समदी, चाचा."

चाचांनी टोपी नीट केली, काठी मांडीवर आडवी ठेवली, आणि शिट्टीच्या आवाजाकडे तोंड करून ते ताठ बसले.