बाबांचा तपकिरी

तपकिरी रंगावर पिंगीचे बाबा बोलायला लागले की गिऱ्हाईक भान हरपून ऐकत राही. "कपाच्या तळाशी चहा उरतो तसा हवा, की जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा? बदामी म्हणताय खरं, पण तुमच्या खोलीत ऊन कमी. थोडा विटकरीकडे झुकू द्या." गिऱ्हाईक गार. लाकडाला पॉलिश करावं तर यांनीच, असं जो तो म्हणे. आणि या गृहस्थांना जन्मापासून तपकिरी आणि हिरवा यांत काडीचा फरक दिसत नव्हता.

हे गुपित घरातल्या घरात होतं. आधी आई त्यांचे डोळे होती, ती गेल्यावर पिंगी झाली. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून बाबांशेजारी बसायचं, त्यांनी रंगाची वाटी पुढे करून "हा कुठला?" म्हणायचं आणि हिने हळूच सांगायचं. ते चहाचे तळ आणि पुठ्ठे सगळे तिचेच. बाबा नुसते पाठ करून तोऱ्यात ऐकवायचे. पिंगट केसांवरून तिचं नाव पडलं होतं, तो पिंगटपणाही त्यांना ऐकूनच ठाऊक. मैत्रिणी सहलींना गेल्या, धाकटी बहीण लग्न करून गेली, पिंगी आपली वाटीपाशीच. तिला बाबांचा राग यायचा, आणि राग आला म्हणून रडूही यायचं.

मग दूरच्या शहरात, रंगाच्या कंपनीत छटा जुळवायची नोकरी लागली. अशी नजर आम्ही पाहिली नाही, असं मुलाखतीत साहेब म्हणाले. ती कशाने तयार झाली हे पिंगी काय सांगणार. बाबांपुढे तिने विषय काढला तो वाटीकडे बघत. ते एवढंच म्हणाले, "जा की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तिने डब्यांच्या झाकणांवर खिळ्याने खुणा केल्या. पिवडीच्या पिवळ्या मातीला एक चरा, तांबड्या गेरूला दोन, काजळीला फुली. बोटांना डबा कळला असता, पण वाटीत काय झालंय ते कसं कळणार? हा प्रश्न दोघांनाही पडला होता आणि दोघंही तो काढत नव्हते.

निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन दुकानात आली. बाबांनी फडकं बाजूला करून एक लाकडी पेटी पुढे ठेवली. तिच्यासाठी, एकट्याने केलेली. हात तोच, चकाकी तीच, ब्रशचा माग कुठे नाही. रंग मात्र शेवाळाचा. पिवडीत काजळी सढळ हाताने पडली होती आणि गेरू नावालाही नव्हता.

"हा कुठला?" बाबांनी विचारलं.

आजवर तिने या प्रश्नाला कधी वेळ लावला नव्हता. तपकिरी म्हटलं की सुटली. तिकीट पर्समध्येच होतं. पण उद्या कुणाचं तरी कपाट असंच हिरवं होणार, बाबा त्यापुढे उभे राहून चहाचे तळ ऐकवणार, आणि लोक तोंडावर हसणार.

"गप्प का झालीस?" बाबा म्हणाले. "चुकलाय ना?"

"हिरवा झालाय, बाबा."

ते खचतील म्हणून ती खालीच बघत राहिली. मग वर पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतंच. परीक्षा पुढे ढकलली गेल्यासारखे ते हलके झाले होते. "तरी मला वाटलंच," म्हणत त्यांनी पॉलिशपेपर तिच्या हातात दिलासुद्धा. "घासून काढू. बस." आणि बॅग कुणाच्या पायात येऊ नये म्हणून स्वतः उचलून कोपऱ्यात ठेवली.

त्या हलकेपणाचा तिला इतका संताप आला की ओरडावंसं वाटलं. ती बसली आणि घासू लागली. हिरवट पूड नखांत गेली. बसची वेळ झाली, टळली. बाबांनी बोटांनी झाकणं चाचपली, दोन चऱ्यांचा गेरूचा डबा काढला, नवा रंग कालवला. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. बाबांनी वाटी हळूच तिच्याकडे सरकवली.

"हा कुठला?"

"तपकिरी," पिंगी म्हणाली. या खेपेला तिला जराही वेळ लागला नाही.