लोण्याचा दुसरा हात

मित्रांनो, लोण्याच्या वाटीत डोकं खाली आणि दांडा वर, अशा अवस्थेत ज्याने उभं आयुष्य काढलं तो मी एक जुना ब्रश. भिंती रंगवायचा नव्हे. निखाऱ्यांवर भाजल्या जाणाऱ्या खाण्याला लोणी लावायचा. तुम्ही म्हणाल, ब्रशला कसलं आलंय आयुष्य? पण मला पहिल्यापासून एक खोड आहे. समोर कुणी बोलू लागलं की माझे केस ताठ होतात. ते काय बोललं, कशासाठी बोललं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या खोडीपायीच पुढची गोष्ट मला कळली.

माझा जन्म ब्रशांच्या कारखान्यात झाला. दांडा खुर्च्या करताना उरलेल्या लाकडाचा, केस डुकराचे, राठ आणि काळे. एका कारागीर बाईंनी ते मूठभर केस टेबलावर आपटून सारखे केले, पत्र्याच्या पट्टीत घट्ट आवळले आणि अंगठ्याने ओढून पाहिले. एकही केस त्यांच्या हाती आला नाही. "हा टिकेल," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

तिथून मी एका बार्बेक्यूच्या हॉटेलात आलो. तिथे प्रत्येक टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यात निखारे, वर जाळी. स्वयंपाकघरातून तुकडे ओवलेल्या सळ्या यायच्या आणि लोक आपापल्या हाताने भाजून खायचे. कडेला एका वाटीत लसूण घातलेलं वितळलेलं लोणी, आणि लोण्यात मी. खिडकीजवळचं टेबल माझं. कुणी मला चमच्यासारखं धरायचं, कुणी झाडूसारखं. एका छोट्या मुलीने तर माझ्याकडून टेबलावर लोण्याचं मांजर काढून घेतलं. एक बाई यायच्या, "मी आज काहीच घेणार नाही" म्हणून बसायच्या आणि नवऱ्याच्या सळीवरचं एकेक करून सगळं चाखायच्या. हे 'काहीच' म्हणजे नेमकं किती, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

माझ्या टेबलावर नेहमी येणाऱ्यांत रंगाऱ्यांची एक टोळी होती. त्यांचा एक नियम होता. कुठल्याही कामाची परांची उतरली, म्हणजे बांबू सोडून खाली आले, की हात धुऊन सगळ्यांनी थेट इथे जेवायला यायचं. जो येणार नाही त्याने ते काम केलंच नाही असं धरायचं. टोळीच्या म्होरक्याला सगळे मिस्त्री म्हणत. आडवा बांधा, भुवयांवर कायम चुन्याचे ठिपके. त्यांच्याच हाताखाली तयार झालेली त्यांची लेक टोळीत होती. आणि लांबू नावाचा एक गडी होता, ज्याला शिडी कमी लागायची.

एके दिवशी सगळे बसले, पण नेहमीसारखी मस्करी सुरू होईना. माझे केस ताठ झाले.

"सांगा ना बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते," लेक म्हणाली.

मिस्त्रींनी पाण्याचा घोट घेतला. "काय म्हणणार? रक्तदाब, धाप, गुडघे. पाढाच वाचला. वजन उतरल्याशिवाय परांचीवर पाय ठेवायचा नाही म्हणाले."

"मग घुमट?" लांबूने विचारलं, आणि विचारल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच निखारे सारखे करू लागला.

घुमटाची भानगड मला हळूहळू कळली. गावात एक जुनं वाचनालय होतं. त्याच्या घुमटाला आतून निळा रंग होता आणि तो मिस्त्रींच्या वडिलांनी दिलेला होता. मिस्त्री तेव्हा खाली उभे राहून डबे वर पाठवायचे. आता घुमटाचा गिलावा जिथे फुटला होता तिथे दुरुस्त होत होता, आणि तो झाला की रंगाचं काम या टोळीकडे येणार होतं.

"वडिलांच्या हातावर दुसरा हात माझाच पडला पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "इतकी वर्षं त्याच एका कामाची वाट बघतोय मी."

मित्रांनो, रंगारी रंगाच्या थराला हात म्हणतात. भिंतीला पहिला हात द्यायचा, तो सुकला की दुसरा. ही भाषा मला फार आवडली.

त्या दिवसापासून मिस्त्री मन लावून कमी खाऊ लागले. आधी ते आले की चरबीदार तुकडे, तळलेले बटाटे, गोड सॉसमध्ये बुडवलेला पाव आणि वर थंडगार गोड पेय असा थाट असे. आता ते भिंतीची ओल तपासावी तसं मेनूकार्ड तपासत. त्या टेबलावर वाढणाऱ्या वेटर ताई मोठ्या मायेच्या. त्या सुचवत, "कातडी काढलेलं चिकन आणू? मासा आहे, मशरूम आहे, ढोबळी मिरची आहे." मिस्त्री म्हणत, "आणा. पाव नको, बटाटे नकोत, प्यायला साधं पाणी. आणि तो सॉस आणूच नका, दिसला की मी गेलो कामातून."

"लोण्याची वाटी ठेवू की नेऊ?"

"राहू दे. पोरांना लागेल."

आणि मी टेबलावर राहिलो.

मिस्त्रींचा हात मी कधी विसरणार नाही. ते बोलायला लागले की हाताला काहीतरी लागायचं, आणि जवळ मीच असायचो. दांड्यावर तीन बोटं, मागे अंगठा. वाटीच्या काठाला टेकवून जास्तीचा थेंब गाळायचा, मग एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटी अलगद उचलायचं. एक कोपरा सुटायचा नाही. इतकं नीट मला कुणी कधी धरलं नव्हतं. मी सुखावून जायचो. घुमट, गिलावा, कुठल्या दुकानाच्या भिंतीला पोपडे आले, असं बोलत बोलत ते जाळीवरच्या सगळ्या सळ्या रंगवून काढत. पहिला हात निखाऱ्यांवर जिरला की दुसरा. सळी उलटली की मागची बाजू. मग त्यातलंच मशरूम, त्यातलीच मिरची समाधानाने खात आणि म्हणत, "बघ गं, आज भाजीपाल्यावर भागवलं."

पण कमरेचा पट्टा काही आत सरकेना. त्याच भोकावर अडून बसलेला. ही गोष्ट मला चक्रावून टाकायची. माणूस पाव सोडतो, बटाटे सोडतो, गोड सोडतो, मग हे वजन येतं कुठून? मी शेजारच्या मिठाच्या डबीला विचारलं. तिला काही माहीत नव्हतं. ती तशी अबोलच.

मिस्त्री वैतागू लागले. "मला पाणीही अंगाला लागतं," असं म्हणू लागले. आणि एक दिवस, बाकीचे हात धुवायला गेलेले असताना, लेकीने हळूच विचारलं, "बाबा, रागावू नका. बाहेर कुठे काही खाता का? मला न सांगता?"

मिस्त्रींनी मला अगदी सावकाश वाटीत परत ठेवलं. मग म्हणाले, "खोटं बोलून मी वर चढणार का? तुला तसं वाटत असेल तर घुमट तू रंगव."

"मला घुमट नकोय. मला तुम्ही खाली पडायला नकोय," लेक म्हणाली, आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

मला फार वाईट वाटलं. दोघंही खरं बोलत होते, हे मला दिसत होतं. मग खोटं कोण बोलत होतं?

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा गिलाव्याचं काम संपत आलं होतं. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागलेला. ते नेहमीपेक्षा जास्त बोलत होते आणि म्हणून मीही नेहमीपेक्षा जास्त फिरत होतो. आता माझंही वय झालं होतं. पत्र्याची पट्टी सैल पडली होती, वाकून वाकून केस थकले होते. ढोबळी मिरचीच्या एका फोडीवर मला उचलताना कसलीशी ओढ बसली आणि माझा एक केस सुटला. मी तो मुद्दाम सोडला असं सांगितलं तर छान वाटेल, पण तसं काही नव्हतं. सुटला तो सुटला.

मिस्त्रींचा हात जागच्या जागी थांबला.

"केस," ते म्हणाले.

वेटर ताई घाबऱ्या झाल्या. "अगंबाई, बदलून आणते."

"थांबा हो. तुमच्यासाठी नाही म्हणालो. सवय आहे." मग ते लेकीकडे वळले. "तुझे आजोबा म्हणायचे, भिंतीत केस ठेवणारा रंगारी आणि ताटात केस ठेवणारा आचारी, दोघांनी घरी बसावं. त्यांच्या कामात केस सापडायचा नाही कधी."

त्यांनी नखाच्या टोकाने केस अल्लाद उचलला. आणि मग, मित्रांनो, कुठलाही रंगारी जे करेल ते केलं. केसाचा वण राहिला का ते पाहायला फोड काट्यावर धरून खिडकीच्या उजेडात तिरपी केली.

मग तीच फोड त्यांनी लांबूपुढे धरली.

"लांबू, ही चकाकी बघ."

"बघतोय."

"हा एका हाताचा माल नाही. निदान तीन हात आहेत यावर. खालचा जिरलाय, मधला जिरलाय आणि वरचा अजून ओला आहे." त्यांनी फोड रिकाम्या बशीत ठेवली. तिच्याभोवती लोण्याचं तळं झालं. "कुणी दिले एवढे?"

लांबूने लेकीकडे पाहिलं, लेकीने लांबूकडे. "तुम्हीच की, मिस्त्री," तो म्हणाला. "दर वेळी देता. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मिस्त्रींनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्यात मी होतो. मग मशरूमकडे, मग माशाकडे. सगळं कसं लख्ख, नव्या दारासारखं चमकत होतं.

"घरी ब्रेडलाही असंच लावता," लेक पुटपुटली. "कोपरे भरून, दोन्ही बाजूंनी. मी रोज बघते आणि मला कधी सुचलं नाही. बाबा, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला."

"माझा मला कुठे आला होता?" मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. आधी गालात, मग खांद्यांत, मग पोटात. टेबल हललं, वाटीतलं लोणी हिंदकळलं. लेक हसता हसता डोळे पुसत होती.

मला हसू आलं नाही. इतके दिवस शोधत होतो ते उत्तर मीच होतो. ज्या हाताने माझं सगळ्यात जास्त कोडकौतुक केलं, त्याच्याच वाटेत मी आडवा आलो होतो. मित्रांनो, हे कळणं फार कठीण असतं.

केस सोडणारा ब्रश टेबलावर ठेवत नाहीत. ताईंनी मला उचललं आणि केराच्या डब्याकडे निघाल्या. तेवढ्यात मिस्त्रींनी हाक मारली, "टाकताय? मग मला द्या."

"बाबा, पुन्हा लोणी?" लेक म्हणाली.

"कोरडा वापरेन. धरायला चांगला आहे तो."

ताईंनी मला गरम पाण्याने आणि साबणाने तीन-तीनदा धुतलं. लोण्याशिवायचं माझं अंग मला पहिल्यांदा समजलं. किती हलकं होतं ते.

त्यानंतरची जेवणं मी मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशातून पाहिली. लोण्याची वाटी टेबलाच्या पार त्या टोकाला, लांबूपाशी. मिस्त्रींच्या हातात लेकीने चिमटा दिला आणि सगळ्यांच्या सळ्या उलटायचं काम त्यांच्यावर सोपवलं, म्हणजे बोलताना हात रिकामा राहायला नको. माशावर नुसतं लिंबू, मीठ आणि मिरपूड. पहिला घास घेऊन त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"मासा असा लागतो होय? इतकी वर्षं मी रंगच खात होतो. भिंत कधी बघितलीच नाही."

घरचा ब्रेडही कोरडा झाला. पट्टा एक भोक आत सरकला, मग आणखी एक. गिलावेवाल्यांचं काम सुदैवाने लांबलं. आणि एका सकाळी डॉक्टरांनी मान डोलावली, पण एक अट घातली. लेकीने बरोबर चढायचं.

मी खिशातून वर गेलो. परांचीच्या प्रत्येक टप्प्यावर मिस्त्री थांबत, श्वास घेत, लेक "सावकाश" म्हणे, ते "हो गं" म्हणत. शेवटी घुमटाचा निळा रंग हाताला लागेल इतका जवळ आला. मिस्त्रींनी मला बाहेर काढलं. वडिलांच्या रंगावर बसलेली धूळ त्यांनी माझ्या केसांनी हळूहळू झाडायला घेतली. तोच हात, तीन बोटं, मागे अंगठा. पण मी कोरडा होतो.

अगदी टोकाशी आम्ही पोचलो तेव्हा तो हात पुन्हा थांबला. निळ्या रंगात एक बारीक काळी रेघ रुतलेली होती.

"इकडे ये," मिस्त्रींनी लेकीला बोलावलं. "काय आहे बघ."

लेक वाकून म्हणाली, "केस आहे, बाबा. ब्रशचा."

मिस्त्री हसले नाहीत. "सुटला होता तर त्यांचाही," ते म्हणाले. मग त्यांनी त्यावर बोट फिरवलं. केस काढला नाही. मला खिशात ठेवून मोठा ब्रश घेतला, डब्याच्या काठाला टेकवून थेंब गाळला आणि त्या केसावरून, वडिलांच्या हातावर, आपला हात दिला.

मित्रांनो, काम संपल्यावर मिस्त्रींनी मला वाचनालयातच ठेवलं; आता मी तिथल्या कोनाड्यात असतो. नक्षीतली धूळ झाडायची असली की मला काढतात. तुमच्याकडे माझं फार मागणं नाही. बाहेर जेवायला गेलात की ताटात काय आलंय हे बघालच. त्यावर काय चढलंय आणि ते कुणाच्या हाताने चढलंय, हेही एकदा उजेडात तिरपं धरून बघा. आणि एखादा म्हातारा ब्रश केस सोडू लागला, तर त्याला टाकून देण्याआधी तो केस कुठे पडलाय तेवढं पाहा.